गृहीतक खरंच असावं असं कुठंय?

वर कुणीतरी लिहिलंय की गृहीतकाच्या प्रश्नात, म्हणजे बोलणाऱ्यानं न बोलता काय धरलंय ते ओळखायच्या प्रश्नात, जो पर्याय खरा वाटतो तो टिक करायचा, भाऊ तिथंच तर यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरला प्रश्नाचे अडीच मार्क जातात अन वरून चुकल्याबद्दल त्याचा एक तृतीयांश कट. हे बघा, "जायकवाडी भरलं, आता यंदा लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी येत नाही." यात न बोललेलं काय, तर लातूर जायकवाडीचं पाणी पितं. आता आपल्याकडचं शेंबडं पोरगं पण सांगेल की लातूरला पाणी मांजरा धरणाचं, २०१६ ला ते आटलं म्हणून तर मिरजेहून रेल्वे आली, पण प्रश्न खरंखोटं विचारतच नाही, बोलणारा काय धरून चाललाय तेवढंच विचारतो, त्यामुळं साफ खोटं असलं तरी गृहीतक तेच.

चेक करायला पर्याय उलटा करा. "लातूरला जायकवाडीचं पाणी येत नाही" म्हणलं की सगळा युक्तिवाद आडवा. "अख्ख्या मराठवाड्याला जायकवाडीचंच पाणी" हा उलटा केला तरी काही बिघडत नाही, मग तो बाद. 'सगळे', 'फक्त' दिसलं की लै जण डोळे झाकून काट मारतात, तसं पण नका करू, युक्तिवादातच 'सगळे' असलं तर असला पर्याय बरोबर बसतो.