जुनं कार्ट्रिज: नवं घेऊ, सुई बदलू की रीटिप करू? (नाशिक)

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पच्या मामांनी गॅरार्ड एसपी २५ रेकॉर्ड प्लेअर आणि दीडदोनशे तबकड्या दिल्या. निम्म्या लाखेच्या, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या), बाकी एलपी. त्यात द. वि. पलुसकर बरेच, जन्म नाशिकचा, म्हणून मामांनी हट्टाने जमवलेले. आर्मला (सुई तबकडीवर धरणाऱ्या हाताला) शूर एम ७५ कार्ट्रिज आहे, म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारी डबी. पण दिवाळीच्या साफसफाईत फडकं अडकून सुईची दांडी मोडली. (कोणाकडून ते घरात अजून ठरायचंय.)

मुंबईचा एक विक्रेता शूर व्ही १५ टाइप थ्री कार्ट्रिज देतोय, सोबत 'डबाबंद, न वापरलेली' मूळ सुई. साडेअठरा हजार म्हणतो. शिवाय एका मित्राकडे डेनॉन डीएल १०३ कार्ट्रिज पडून आहे, सुईच्या टोकाचा हिरा गेलेला. तो म्हणतो, फुकट ने आणि रीटिप करून घे, म्हणजे नवा हिरा बसवून घे. पैसे कशात घालू?

मेनरोडची_गर्दी
वाचनखूण साठवली. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार उठल्यापासून नाशकात असलं काही हाती लागत नाही. मुंबईच्या चोरबाजारात जाणार असाल तर मल्टिमीटर खिशात ठेवा.

भिंगवाला
टाइप थ्री आलं १९७३ मध्ये. डब्यातली सुई खरंच मूळ असेल तर न वापरताच म्हातारी झालेली आहे. हिऱ्याला काही होत नाही, तारेला आणि लोहचुंबकालाही सहसा नाही. म्हातारं होतं ते रबर. दांडीच्या मुळाशी मोहरीएवढं रबर असतं, दांडी त्याच्यावर डुलते. ते डब्यात बसल्या बसल्याही कडक होतं, नाहीतर पाघळून चिकट होतं. त्यात पत्र्याखालचा माळा आणि मे महिना, मग विचारायलाच नको. 'न वापरलेली' या शब्दाचे जास्त पैसे देऊ नका.

सुई तबकडीवर टेकवा आणि डोळे तबकडीच्या पातळीला आणा. कार्ट्रिजचं पोट तबकडीला लागलं तर रबर बसलं. दांडी जराही दबत नाही आणि गाण्यातले 'स', 'श' फरफरतात, तर कडक झालं. समोरून पाहिल्यावर दांडी एका अंगाला कललेली नको. विक्रेत्याकडे समोरूनच फोटो मागा; तो बाजूने काढलेला पाठवेल.

कार्ट्रिजची बॉडी तपासायला मल्टिमीटर पुरतो. सुई काढून ठेवा, मग मागच्या पिनांवर डावी जोडी, उजवी जोडी मोजा. टाइप थ्रीला दोन्हीकडे साधारण १३५० ओहम यायला हवेत. एक बाजू ओपन (आतली तार तुटलेली) आली तर नमस्कार करून बाहेर पडा.

पण मुळात एसपी २५ ला हे कार्ट्रिज घेऊच नका. ते तबकडीवर पाऊण ते सव्वा ग्रॅम भार देऊन चालतं, दांडी फार मऊ. गॅरार्डच्या त्या आर्मला इतकी नाजूक सुई झेपत नाही.

तुमच्या एम ७५ ची सुई ओढली की निघते, नवी सरकवली की बसते. शूरने २०१८ मध्ये कार्ट्रिजं बंद केली, तरी जपानची जिको या बॉडीसाठी सुया बनवते. दीड ते तीन ग्रॅमवाली घ्या. ७८ साठी मात्र वेगळी हवी, एन ७५-३ नावाने शोधा. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या हजाराव्या भागाच्या ०.७ पट, ७८ ला त्याच हजाराव्या भागाच्या अडीच ते तीन पट लागते. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते, आणि पलुसकरांच्या ऐवजी कढईत फोडणी ऐकू येते.

तपोवनी
मी डीएल १०३ रीटिप करून बसलोय, म्हणून लिहितो. ते मूव्हिंग कॉइल जातीचं. मूव्हिंग कॉइलमध्ये तारेचं वेटोळं दांडीवरच असतं, त्यामुळे सुई घरी बदलता येत नाही. रीटिप म्हणजे जुन्या दांडीवर नवा हिरा चिकटवायचा, नाहीतर दांडी कापून हिऱ्यासकट नवी जोडायची. रबर सहसा जुनंच राहतं, आणि हे आधी कोणी सांगत नाही. इंग्लंडची एक्स्पर्ट स्टायलस, अमेरिकेची साउंडस्मिथ ही या कामातली माहीत असलेली नावं. माझं तिसरीकडेच गेलं होतं. जाऊन-येऊन पाच महिने. मूळ दांडी अॅल्युमिनियमची, मी हौसेने माणकाची लावून घेतली. आता बारीकसारीक सगळं ऐकू येतं, पण १०३ चा तो भरदार आवाज पातळ झाला. चूक माझीच.

१०३ हे जपानच्या एनएचके रेडिओसाठी साठच्या दशकात बनवलेलं डिझाइन, आणि ते आजही नवं मिळतं. मजुरी, टपाल, कस्टम्स यांची बेरीज नव्याच्या किमतीशी ताडून पाहा. शिवाय आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे मामांच्या अँपला व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागणार. फुकटच्या म्हशीला चारा विकतचा.

भिंगवाला
सहमत. माझ्या मते रीटिप शोभते ती शूरच्याच व्ही १५ टाइप फाइव्हसारख्याला: मूळ बेरिलियमची दांडी शाबूत, रबर जिवंत, फक्त हिरा झिजलेला.

पंचवटीची_सून
मधेच विचारते. आमच्या एचएमव्हीच्या पेटीतल्या प्लेअरचा आवाज पुटपुटल्यासारखा येतो. सुई बदलली तरी तेच.

भिंगवाला
ताई, आत क्रिस्टल कार्ट्रिज असणार. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्ट या क्षाराचा असतो, दमट हवेत आणि उन्हाळ्यात मरतो. तो परत जिवंत होत नाही. सिरॅमिक कार्ट्रिज बसवून घ्या.

गोदाकाठचा
समोरून फोटो मागितला, दोनदा बाजूनेच आला. टाइप थ्री सोडलं. एम ७५ दोन्ही बाजूंनी सारखं मोजलं, जिकोची एक सुई आणि ७८ ची एक मागवली, काल आल्या. सुईचा तबकडीवरचा भार बघायला सराफ बाजारातून ०.०१ ग्रॅमचा काटा आणला. दुकानदार म्हणाला, तोलायचं काय? म्हटलं, सुई. तो बराच वेळ बघत राहिला. पण काटा एकदा २.४ दाखवतो, एकदा १.६. काटा बिघडलाय का?

भिंगवाला
ताटली लोखंडी आहे का? कार्ट्रिजचं लोहचुंबक ती ओढतं. आइस्क्रीमची लाकडी काडी चिकटवा, तिचं टोक ताटलीच्या बाहेर काढा आणि सुई त्या टोकावर टेकवा.

गोदाकाठचा
लोखंडीच! काडी लावली, १.८ वर थांबला. रविवारी मामांना जेवायला बोलावलंय.