अँबेसेडर मार्क २, एसयू कार्ब: गरम झाली की स्टार्ट होईना, आणि किल्ली बंद केली तरी इंजिन फिरत राहतंय

टिळकवाडी_मार्क२

नमस्कार मंडळी. आमच्याकडं १९७२ ची अँबेसेडर मार्क २ आहे, १४८९ सीसी पेट्रोल, एसयू कंपनीचा कार्बोरेटर (कार्ब, हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग), इंजिनावर चालणारा एसी कंपनीचा पेट्रोल ओढायचा पंप, सगळं मूळचंच. सासऱ्यांनी जीव लावून ठेवलेली गाडी, आता माझ्याकडं आलीय आणि मला ती तशीच ठेवायचीय.

सकाळी थंड असताना चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू. हायवेला ६०-७० नं मस्त पळतीय, काटा कधी मधल्या खुणेच्या वर जात नाही. त्रास पुढं सुरू होतो. निपाणीला निघालं, वंटमुरी घाट उतरून संकेश्वरला चहाला थांबलं, पंधरा-वीस मिनिटांनी परत बसलं की चालू होईना. सेल्फ नीट फिरतोय, पेट्रोलचा वास नाकात बसतोय, पण पकडत नाही म्हणजे नाहीच. तास-दीड तास बॉनेट उघडं ठेवलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. पाच मिनिटांत परत मारली तरी चालू होते, लई वेळ थांबलं तरी होते, मधलाच वेळ वाईट.

दुसरं असं की किल्ली बंद करून काढून हातात घेतली तरी इंजिन पाच-सहा सेकंद धडधडत, गचके देत फिरत राहतं, अख्खी गाडी हलते, मग बंद होतं. थंड असताना हे होत नाही.

इथं एकानं सांगितलं कार्ब काढून दुसरा बसवा, दुसऱ्यानं सांगितलं इलेक्ट्रिक पंप लावा, तिसरा म्हणतोय सगळं ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळं. प्रत्येकाचं ऐकत बसलो तर गाडीत मूळचं काही उरणार नाही. नेमकं कुठून सुरुवात करू सांगा की ओ.

निपाणी_फिटर

दादा, आधी काहीही विकत घेऊ नका. पुढच्या वेळी अशी अडली की पान्यानं दोन प्लग काढून बघा, बाकी सगळं त्यावर ठरतंय. प्लग ओला असला, पेट्रोलचा वास मारत असला तर गाडी ओव्हरफ्लो झालीय, म्हणजे पेट्रोल जास्त. कोरडा असला तर पंपाच्या लाईनीत वाफ धरलीय, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. दोन्हीत सेल्फ फिरतो आणि गाडी चालू होत नाही, बाहेरून बघणाऱ्याला एकच वाटतं, पण इलाज अगदी उलटे. आणि प्लग कोरडे असतील तर ठिणगीपण बघून घ्या, जुनी कॉइल नाहीतर कंडेन्सर गरम झाल्यावरच दगा देतो आणि थंड झाला की परत चांगला. ठिणगी बघताना कार्बपासून लांब बघा, वाफ असते तिथं.

तुम्ही सांगताय त्यावरून मला ओव्हरफ्लोच वाटतंय. गाडी पळत असते तेव्हा पंखा आणि पाणी उष्णता ओढून नेतात, शिवाय ताजं पेट्रोल येत असतं त्यानं कार्ब गार राहतो. इंजिन बंद केलं की पंखा बंद, पाणी फिरायचं बंद, आणि लोखंडात साठलेली सगळी उष्णता वर चढते. त्यामुळं बंद केल्यावर पहिली काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उतरायच्या ऐवजी वाढतं. ह्या इंजिनात इनटेकचं मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारी नळी) आणि सायलेन्सरचं मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारी) एकाच बाजूला, कार्ब बरोबर त्या भट्टीच्या डोक्यावर. पेट्रोलमधला हलका भाग ४० अंशाच्या आसपासच उकळायला लागतो. मग कार्बच्या जेटमधून (पेट्रोल येतं त्या बारीक भोकातून) पेट्रोल उचंबळून इनटेकच्या मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि तिथं जाड वाफ भरून राहते. म्हणून लगेच मारली तर चालू होते, कारण अजून साचलेलं नसतं, आणि तासाभरानं होते कारण सगळं उडून गेलेलं असतं. तुमचा मधला वेळ वाईट तो ह्याच्यामुळं.

रस्त्यात अडलात तर चोकला हात लावू नका. ॲक्सिलरेटर तळाला टेकवून तसाच दाबून धरा, सोड-दाब करू नका, आणि सलग सेल्फ मारा. हवा जाऊन साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं, मग भुरभुर करत पकडते. पकडल्यावर हळूच पाय सोडा.

खानापूर_चोर्ला

माझ्या अनुभवानं एसी पंपावर ओलं फडकं टाका, पाच मिनिटांत काम होतंय. चोर्ला घाट चढून आलो की मी हेच करतो. उगंच प्लग कशाला काढायचे गरम इंजिनात, हेडची आटी जायची.

निपाणी_फिटर

@खानापूर_चोर्ला भाऊ तुमचं बरोबर आहे, पण तुमची गाडी चढावर चालता चालता ओढायची थांबते ना? ती लाईनीतली वाफ. तिथं पंप गार केला की वाफेचं परत पेट्रोल होतं आणि गाडी निघते. ह्यांची चालताना कधीच थांबत नाही, उभी राहिल्यावरच अडते आणि वास मारते. तिथं पंपावर फडकं टाकून जास्तीचं पेट्रोल कमी होणार नाही. गरम इंजिनात प्लग जपून काढायचे हे मात्र शंभर टक्के खरं, जोर लावू नका, अडला तर राहू दे.

शहापूर_एसयू

मी वरच्या दोघांचं वाचलं. एसयू आहे म्हणून थोडं वेगळं सांगतो, कारण बरेच जण सोलेक्स ह्या दुसऱ्या बनावटीच्या कार्बवर शिकलेले असतात आणि तेच नियम एसयूला लावतात. एसयूत ॲक्सिलरेटर पंप नसतो. पाय दाबला की पेट्रोलची पिचकारी सुटते ते सोलेक्समध्ये, एसयूत ते काम वरच्या डॅशपॉटमधलं (तेलाच्या नळकांड्यातलं) तेल करतं, कार्बच्या आतल्या पिस्टनला पटकन उचलू देत नाही म्हणून क्षणभर मिश्रण जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. आणि चोक म्हणतो तोसुद्धा हवा अडवणारी पट्टी नव्हे. चोक ओढला की खालचा जेट खाली सरकतो, सुई आणि जेटमधली फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. म्हणजे एसयूत चोक आणि मिश्रण हे एकाच जेटचं काम.

म्हणून पहिलं हे बघा: चोकचं बटन आत ढकलल्यावर खाली जेट पूर्ण वर जाऊन नटाला टेकतोय का. कार्बच्या खालून बोटानं वर ढकला. अजून थोडा वर गेला तर तिथंच तुमचा चोर सापडला. केबल गंजून अडकते, नाहीतर जेटच्या बाजूला मळ धरतो, आणि गाडी कायम अर्ध्या चोकवर चालते. थंडीत ते चांगलंच वाटतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं फ्लोट, म्हणजे कार्बच्या डब्यात पेट्रोलवर तरंगणारा तुकडा. त्या डब्याचं झाकण काढून उलटं धरा, फ्लोटच्या वजनानं पेट्रोल अडवणारी सुई (जेटची नव्हे, ही वेगळी) बंद असताना फ्लोटचा दांडा आणि झाकणाची कड ह्यात साधारण ३ मिमी फट पाहिजे. ३ मिमीची ड्रिलची काडी आडवी सारून बघतात. सुईच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर सुई आणि सीट जोडीनंच बदला, एकट्या सुईनं भागत नाही. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल वाजलं तर तो बुडतोय.

इलेक्ट्रिक पंप अजिबात नको. एसयूच्या फ्लोटची सुई ३ पीएसआयच्या आसपासच्या दाबापर्यंत नीट धरते, बाजारातले बरेच पंप त्याच्या वर ढकलतात, मग बिनगरमीचंच ओव्हरफ्लो सुरू. एसी पंप चांगला आहे, त्याचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) फक्त ई२० चालेल असा घाला.

कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचा जाड तुकडा आहे का तेही बघा. बऱ्याच गाड्यांत कधीतरी काम करताना तो हरवतो आणि नुसतं कागदी पॅकिंग राहतं, मग उष्णता सरळ वर. आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला चिकटून गेलेली असेल तर लांबून फिरवून घ्या.

टिळकवाडी_मार्क२

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. काल मुद्दाम काकतीपर्यंत जाऊन आलो, वीस मिनिटं उभी केली आणि प्लग काढले. ओले आणि काळेकुट्ट. जेट बोटानं ढकलला तर चांगला दोन-तीन मिमी वर गेला. केबल सोडून, साफ करून, तेल देऊन परत लावली, आता स्वतःहून टेकतोय. बेकेलाइटचा तुकडा आहे. फ्लोट बरा आहे, पण सुईला खाच दिसतीय, जोडी मागवलीय. आज दुपारच्या उन्हात वीस मिनिटं थांबून मारली, पाय दाबून धरायला लागला पण दुसऱ्या सेल्फला चालू झाली.

किल्ली काढल्यावर फिरायचं मात्र गेलं नाही, उलट वाढल्यासारखं वाटतंय. असं का व्हावं?

उद्यमबाग_लेथ

वाढणारच, त्याचं कारण सांगतो. जाड मिश्रण होतं तोवर स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) त्या जाडीवर जमवलेला होता. आता मिश्रण पातळ झालं, आणि पातळ मिश्रण जास्त गरम जळतं. शिवाय ई२० मध्ये इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, त्यामुळं त्याच सेटिंगवर ते आणखी पातळ पडतं. म्हणजे आता मिश्रण आणि स्लो दोन्ही नव्यानं लावायला लागणार.

पण आधी एक खात्री करा. किल्ली बंद केल्यावर जे फिरतंय ते ठिणगीवर फिरतंय का बिनठिणगीचं? गचके देत, धडधडत फिरत असेल तर बहुतेक बिनठिणगीचं. पण कुणी डायनामो काढून अल्टरनेटर लावला असेल तर चार्जिंगच्या दिव्यातून उलटा करंट कॉइलला जाऊ शकतो, तसं असलं तर इंजिन गुळगुळीत फिरत राहतं. किल्ली बंद करून फिरत असताना टेस्ट लॅम्प कॉइलच्या किल्लीकडून येणाऱ्या टोकाला लावा. दिवा लागला तर वायरिंग, नाही लागला तर पुढं वाचा.

बिनठिणगीचं म्हणजे इंजिनाच्या डब्यात (पेट्रोल जळतं त्या पोकळीत) काहीतरी लाल होऊन बसलंय. कार्बनचा थर, प्लगचं टोक, व्हॉल्व्हची कड. तिथं मिश्रण आपोआप पेटतं. पण त्याला हवा-पेट्रोल मिळायला थ्रॉटल (कार्बमधली वाट उघडझाप करणारी चकती) उघडा पाहिजे, आणि स्लो जास्त ठेवला की तो उघडाच राहतो. म्हणून पहिला इलाज फुकटचा: स्लो कमी करा. बऱ्याच जणांनी गाडी बंद पडू नये म्हणून स्लो वाढवलेला असतो, तिथंच निम्मी तक्रार असते.

मिश्रण बघायचं तर गरम इंजिनावर कार्बच्या बाजूची पिन दाबून पिस्टन अगदी मिलीमीटरभर उचला. आवाज क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बरोबर. वाढून वाढलेलाच राहिला तर जाड. मरायला लागला तर पातळ, मग जेटचा नट थोडा खाली. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा, सहा बाजू असतात, आणि परत बघा.

प्लगचा नंबर वाचून इथं लिहा. ह्यात लई गोंधळ आहे. जुन्या मायकोच्या नंबरात आकडा मोठा तेवढा प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), डब्ल्यू १४५ पेक्षा डब्ल्यू १७५ थंड. नव्या बॉशच्या नंबरात उलटं, डब्ल्यू ७ पेक्षा डब्ल्यू ८ गरम. एनजीकेत परत आकडा वाढला की थंड. दुकानदार 'तोच आहे घ्या' म्हणून देतो आणि गरम प्लग बसतो, त्याचं टोक निखाऱ्यासारखं राहतं.

टायमिंग मागं पडलं असेल तरी मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्ह जास्त तापतात. डेल्कोची (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) व्हॅक्यूम नळी फाटली नाही ना, आतला डायफ्रॅम धरतोय ना, तोंडानं ओढून बघा, पॉइंटची प्लेट हलली पाहिजे. इतकी वर्षं जाड मिश्रणावर चालली म्हणजे डब्यात कार्बन असणारच. बाकी सगळं करूनही राहिलं तर हेड उघडून कार्बन काढायचा. लगेच उघडू नका.

आणि हे तुमच्या एकट्याच्या गाडीचं नाही, अँबेसेडरचं इंजिन ज्या बी-सिरीज ह्या ब्रिटिश इंजिनांच्या घराण्यातलं, त्याची ही जुनी सवय आहे. ह्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन एमजीबी ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत होतं, आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबीला कंपनीनंच एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह दिला होता. किल्ली बंद केली की मॅनिफोल्डचा ओढा फ्लोटच्या डब्याला जोडायचा, म्हणजे जेटमधून पेट्रोल वर यायचंच नाही. तोवर तुम्ही तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून, किल्ली बंद करून क्लच हळू सोडा, गपकन थांबते. हँडब्रेक ओढायला विसरू नका.

शहापूर_एसयू

उद्यमबागवाल्यांनी लिहिलंय त्यात एकच भर. स्लो कमी केल्यावर गाडी बंद पडायला लागली, स्लो स्थिरच राहीना झाला, तर थ्रॉटलचा स्पिंडल (चकती ज्याच्यावर फिरते तो दांडा) धरून वर-खाली हलवून बघा. पन्नास वर्षांत भोक अंडाकृती होतं, तिथून हवा ओढते, मिश्रण पातळ पडतं, म्हणून मग लोक स्लो वाढवतात. इंजिन चालू असताना स्पिंडलच्या टोकाला दोन थेंब तेल सोडा, आवाज बदलला तर तिथून हवा जातेय.

आणि फ्लोटच्या झाकणाला ओव्हरफ्लोची बारीक नळी असते, ती मॅनिफोल्डच्या खालपर्यंत, सायलेन्सरपासून लांब नेलेली आहे का आजच बघा. नवीन सुई येईपर्यंत ओव्हरफ्लो कधीही होऊ शकतो आणि ते पेट्रोल लाल मॅनिफोल्डवर पडायला नको. गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा. डिपस्टिकचा वासपण घ्या, पेट्रोलचा आला तर ऑइल बदलल्याशिवाय लांब जाऊ नका, रिंगांवरून उतरून ऑइल पातळ झालेलं असतं.

टिळकवाडी_मार्क२

ऑइलला वास आहे. उद्याच बदलतो. ओव्हरफ्लोची नळी अर्ध्यात तुटलेली निघाली, सरळ मॅनिफोल्डवर तोंड करून होती, बघून अंगावर काटा आला. आत्ता तांब्याची नळी लावून खालपर्यंत नेली. प्लगवर डब्ल्यू ८ वाचता येतंय, पुढची अक्षरं पुसलीत. अल्टरनेटर नाही, डायनामोच आहे. स्पिंडल चांगलाच हलतोय. त्याला बुश बसवून मिळेल का आपल्याकडं?

उद्यमबाग_लेथ

मिळेल. डब्ल्यू ७ घालून बघा आधी, सोपं आहे ते. बुशसाठी कार्बची बॉडी, स्पिंडल आणि थ्रॉटलची चकती तिन्ही घेऊन या, चकतीचे दोन बारीक स्क्रू मागून फाकवलेले असतात, घरी जबरदस्ती करू नका, स्पिंडल वाकतो. पितळी बुश (झिजलेल्या भोकात बसणारी कडी) घालून दोन्ही बाजूंनी एका रेषेत रीम करायला, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायला लागतं, नाहीतर चकती भोकात अडकते. काढायच्या आधी सगळ्याचे फोटो मारून ठेवा, आणि जेटचा नट किती फेऱ्यांवर आहे ते मोजून लिहून ठेवा.