मूकपटातल्या ताऱ्यांचे फोटो रंगवताना ओठ काळेच का राहतात?

रुपेरीवेडा

नमस्कार मंडळी,

हॉलिवूडच्या मूकपटांतली नायिका क्लारा बो हिचं १९२६ च्या आसपासचं एक काळं-पांढरं पोर्ट्रेट रंगवायला घेतलंय. मूळ प्रिंट आठ बाय दहा इंची, स्कॅन ६०० डीपीआय ग्रेस्केल, काम गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

१. ओठांवर कुठलाही लाल टाकला तरी ते काळपट चॉकलेटीच दिसतात. सॅच्युरेशन पूर्ण वर नेलं की फक्त कडेला लाल रेघ उमटते.
२. क्लारा तांबड्या केसांसाठी प्रसिद्ध होती. फोटोत मात्र केस ठार काळे आहेत. त्यावर तांबडा चढतच नाही.
३. चेहऱ्याला त्वचेचा एक रंग देऊन लेयर 'एचएसएल कलर' मोडवर ठेवला की गाल, कपाळ, हनुवटी सगळं एकसारखं केशरी होतं.

तिच्या नजरेतला तो अवखळपणा हे या फोटोचं सगळं वैभव आहे. रंगाने तो झाकला जायला नको. कुठून सुरुवात करू?

---

ऑर्थोपंत

तिन्ही अडचणींची मुळं त्या काळच्या फिल्ममध्ये आहेत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा आणि हिरवा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणून लाल ओठ काळे, तांबडे केस काळे, सोनेरी केसही असायला हवेत त्यापेक्षा गडद, आणि निळे डोळे पांढुरके. चेहऱ्यावरचे तांबूस डाग आणि वांग तर दुप्पट ठळक. कोडॅकने सिनेमासाठीची पॅनक्रोमॅटिक (लालसकट सगळे रंग टिपणारी) फिल्म १९२२ पासून नियमित विक्रीला आणली, पण स्टुडिओंमध्ये तिचा सर्रास वापर व्हायला १९२६-२७ उजाडलं. त्यामुळे सालावरून अंदाज बांधू नका, फोटोवरून बांधा. ओठ चेहऱ्यापेक्षा खूपच काळे आणि बाहेरच्या दृश्यात आकाश कोरं पांढरं असेल तर फिल्म ऑर्थो समजावी.

आता 'कलर' मोड काय करतो ते बघा. तो खालच्या लेयरचा उजेड तसाच ठेवून वर फक्त रंग चढवतो. १५ टक्के उजेडाच्या जागेवर कितीही लाल ओता, डोळ्याला तो काळाच दिसणार. म्हणजे रंग देण्याआधी करड्या छटा दुरुस्त करायच्या. सगळ्या फोटोवर एकच कर्व्ह लावून हे होत नाही, कारण तेवढाच काळा ब्लाउज खरोखर काळा असू शकतो. भाग निवडून, मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावूनच करावं लागतं.

ओठ: मूळ लेयरची प्रत काढा, तिला काळा मास्क द्या आणि मऊ ब्रशने फक्त ओठ उघडे करा. त्या प्रतीवर कर्व्हज (छटा उजळ-गडद करायची वक्ररेषा) लावून १५ ते २० टक्क्यांतला उजेड ३८ ते ४२ पर्यंत वर आणा. कर्व्हच्या वरच्या टोकाला, ७५ टक्क्यांपाशी, एक बिंदू जागच्या जागी अडकवून ठेवा. नाहीतर खालच्या ओठावरची ती बारीक चमक फुटते आणि ओठ प्लास्टिकचे वाटतात. चेहऱ्याच्या उजळ भागापेक्षा ओठ साधारण २५ ते ३० टक्क्यांनी गडद राहू द्या.

केस: इथे हात आखडता हवा. सावलीतला काळा तसाच ठेवा, मधल्या छटा तेवढ्या १२-१५ वरून २५-३० पर्यंत उचला. मग गडद भागाला ह्यू (रंगचक्रावरचा अंश) ८ ते १०, मधल्याला १४ ते १६ आणि चमकेला २४ च्या आसपास, कमी सॅच्युरेशनने. सगळीकडे एकच केशरी दिलं की विग दिसतो.

चेहरा: एकच रंग देणं सोडा. उजेडानुसार रंग बदलणारा ग्रेडियंट मॅप लावा. सावलीत ह्यू १०-१४ आणि सॅच्युरेशन ५५, मधल्या छटांत ह्यू १८-२२ आणि सॅच्युरेशन ३५ ते ४०, उजळ भागात ह्यू ३० आणि सॅच्युरेशन १० ते १५. या लेयरचा मोड 'एलसीएच कलर' आणि अपारदर्शकता ६५ टक्के. गिंपमध्ये त्वचेसाठी एचएसएलपेक्षा एलसीएच कितीतरी सुसह्य वागतो. त्यावर वेगळा लेयर घेऊन नाकाचं टोक, कानाची पाळी, गाल आणि डोळ्याचा आतला कोपरा इथे १५ ते २० टक्के अपारदर्शकतेने तांबूस झाक द्या. कपाळ थोडं पिवळट राहू द्या. पुरुषांच्या जबड्यावर दाढीची किंचित निळसर-हिरवी छटा लागते. मूकपटांतला नायक व्हॅलेंटिनो याच्यासारख्या काळ्या केसांच्या माणसाला ती दिली नाही तर चेहरा मेणाचा दिसतो.

गालाखालच्या काळ्या पट्ट्याला फसू नका. ऑर्थोवर गालाची लालीसुद्धा काळी येते, त्यामुळे जी सावली वाटते ती कधी कधी रूज असते. नाकाखालची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. गालाचा पट्टा त्या दिशेशी जुळत नसेल तर ती लाली. ती ५ ते ८ टक्के उजळ करून फिकट गुलाबी करा. सावली समजून तपकिरी केलीत तर क्लाराचे ते भरलेले गाल आत गेलेले दिसतील.

शेवटी एक तपासणी, आणि ती कधीच टाळू नये. पूर्ण रंगवलेल्या चित्राची प्रत घ्या आणि चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोम निवडून लाल ०, हिरवा ४५, निळा ५५ ठेवा. ही झाली घरगुती ऑर्थो फिल्म. निघालेलं करडं चित्र मूळ स्कॅनशेजारी ठेवून बघा. ओठ पुन्हा काळे, केस पुन्हा काळे आणि चेहरा मूळच्या जवळ आला तर रंग पटण्यासारखे आहेत. कुठला भाग मूळपेक्षा बराच उजळ किंवा गडद निघाला तर तिथला रंग शक्यच नाही. कपड्यांसाठी तर याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: स्कॅनमध्ये फिकट दिसणारा झगा भडक लाल असू शकत नाही. तो आकाशी, मोतिया, फिकट जांभळा असू शकतो. गडद दिसणारा लाल, तपकिरी, किंवा अगदी नारिंगीही असू शकतो.

---

रुपेरीवेडा

ऑर्थोपंत, मनापासून आभार. मास्क लावून ओठ उचलले, आणि लाल पहिल्यांदाच लाल दिसला! पण उचललेल्या भागात पायऱ्या-पायऱ्या दिसताहेत, छटा सलग नाहीत. हे कशामुळे?

---

काचपट्टी

स्कॅन ८ बिटचा, म्हणजे एकूण २५६ छटांचा असणार. ओठांचा सगळा उजेड १२ ते १९ टक्क्यांत कोंबलेला असेल तर ८ बिटमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम १८ पायऱ्या येतात. त्या ताणल्या की तुटक दिसणारच. आहे तीच फाइल १६ बिटमध्ये बदलून काही मिळत नाही, प्रिंट पुन्हा स्कॅन करावी लागेल.

प्रिंट काळी-पांढरी असली तरी स्कॅन ४८ बिट रंगीत (प्रत्येक चॅनेलला १६ बिट) करा. आठ बाय दहाची प्रिंट ६०० डीपीआयला ४८०० बाय ६००० पिक्सेल होते आणि फाइल १७० एमबीच्या आसपास जाते, ती जाऊ द्या. टिफमध्येच साठवा. स्कॅनरमधलं शार्पनिंग, आपोआप कॉन्ट्रास्ट आणि धूळ काढणारी सोय तिन्ही बंद. मग लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगळे करून पाहा. पिवळेपणा आणि तपकिरी बुरशीचे ठिपके निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त, लालमध्ये सगळ्यात कमी दिसतात. बहुतेक वेळा लाल चॅनेल घेऊन त्यावरच काम करणं सोयीचं. डाग पुसण्याची निम्मी मेहनत वाचते.

सावल्यांवर निळसर आरशासारखी झाक असेल तर ती प्रिंटच्या थरातून पृष्ठभागावर आलेली चांदी. ती स्कॅनरच्या उजेडात चमकते आणि काळे भाग धुरकट करते. अशी प्रिंट कॅमेऱ्याने टिपा: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिला काटकोनात फिरवलेला पोलरायझर. प्रिंटवर बोळा फिरवून चांदी पुसायला जाऊ नका, तिथलं चित्रच जातं.

जुन्या सिनेमासिकातून कापलेला फोटो असेल तर प्रकार वेगळा, तिथे छपाईचे ठिपके आडवे येतात. १२०० डीपीआयला स्कॅन करा. इंचाला १३३ रेषांच्या जाळीत एक ठिपका साधारण ९ पिक्सेलचा येतो. ३ ते ४ पिक्सेलचा गॉशियन ब्लर देऊन मग चित्र एक चतुर्थांश करा. आधी लहान करून मग ब्लर दिलात तर लहान करतानाच लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती नंतर निघत नाही.

हातात प्रिंट नसेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेन न्यूज सर्व्हिसचा संग्रह आहे, त्यात त्या काळच्या कलाकारांच्या मूळ काचेच्या निगेटिव्हचे मोठे टिफ उतरवून घेता येतात. निगेटिव्हवरून केलेला स्कॅन प्रिंटपेक्षा सावल्यांत खूपच जास्त देतो.

---

दोनरंगी

खरे रंग कोणते होते हे शोधण्याबद्दल थोडं.

मासिकांची मुखपृष्ठं पुरावा म्हणून धरू नका. त्यातली बरीचशी चित्रकारांनी काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंगवलेली असत, आणि रंग विक्रीसाठी ठरायचे. हाताने रंगवलेली पोस्टकार्डं आणि थिएटरबाहेर लावायची कार्डं तशीच. एकाच अभिनेत्रीचे डोळे एका कार्डावर निळे, दुसऱ्यावर तपकिरी सापडतात.

त्यापेक्षा भरवशाचा पुरावा म्हणजे त्या काळचं रंगीत चित्रीकरण. 'द टोल ऑफ द सी' (१९२२) मध्ये ॲना मे वाँग आणि 'द ब्लॅक पायरेट' (१९२६) मध्ये डग्लस फेअरबँक्स दोन रंगी टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीत दिसतात. क्लाराच्या 'रेड हेअर' (१९२८) मध्येही काही भाग याच पद्धतीचा होता. मात्र आयड्रॉपर लावून तिथला रंग थेट उचलू नका. ती पद्धत फक्त लाल-नारिंगी आणि निळा-हिरवा नोंदवते. शुद्ध निळा, जांभळा आणि स्वच्छ पिवळा त्यात येतच नाही. आकाश हिरवट दिसतं आणि त्वचा पीच रंगाकडे झुकते. केस तांबूस की तपकिरी एवढं त्यावरून कळतं. नेमकी छटा कळत नाही.

डोळ्यांसाठी समकालीन वर्णनं वाचा. चॅप्लिनचे डोळे निळे होते, आणि पडद्यावरचा तो काजळ घातलेला चेहरा पाहून कुणालाही तसं वाटत नाही. ऑर्थोवर अशी बुबुळं फार उजळ येतात. ती आधी १० ते १५ टक्के गडद करा, बाहेरची कड आणखी थोडी, मग ह्यू २१० आणि सॅच्युरेशन २० ते २५. याहून जास्त निळा दिला की काचेचे डोळे होतात. बुबुळातला चमकेचा ठिपका रंगाच्या मास्कबाहेर ठेवा. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा सोडू नका, किंचित करडा आणि कोपऱ्यात तांबूस.

१९२८ नंतरच्या फोटोंना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. त्या वर्षी हॉलिवूडचा मेकअपकार मॅक्स फॅक्टर याने पॅनक्रोमॅटिक फिल्मसाठी वेगळा मेकअप आणला. तेव्हापासून ओठ करडे दिसतात, त्यांना फारसं उचलावं लागत नाही.

---

झटपट_रंग

एवढं सगळं हाताने कशाला? डीओल्डिफायसारखं फोटो आपोआप रंगवणारं एआय मॉडेल काही सेकंदांत रंगवून देतं की.

---

ऑर्थोपंत

देतं, आणि पार्श्वभूमी, लाकूड, झाडं यांसाठी ते वापरावंही. चेहऱ्यावर ते का चुकतं ते समजून घ्या. ही मॉडेलं आधुनिक रंगीत फोटो करडे करून शिकलेली असतात. त्या करड्यात लाल ओठ मध्यम करडे असतात. ऑर्थोचे काळे ओठ बघून मॉडेल त्यांना जांभळट तपकिरी करतं, आणि क्लाराचे केस काळेच ठेवतं. मॉडेलला द्यायचंच असेल तर छटा दुरुस्त केलेलं चित्र द्या, आणि सेपिया असेल तर आधी तटस्थ करडं करून घ्या. परत आलेल्या चित्रातला उजेड घेऊ नका. लॅब मोडमध्ये ('एल' म्हणजे उजेड, 'ए' आणि 'बी' म्हणजे रंग) त्याचे फक्त 'ए' आणि 'बी' चॅनेल स्कॅनएवढे मोठे करून आपल्या 'एल'वर बसवा. तपशील तुमच्या स्कॅनचाच राहतो.

चेहरा 'सुधारून' देणारी साधनं मात्र अजिबात नकोत. ती पापण्या आणि ओठांची कड नव्याने रचतात. मूकपटांतली अभिनेत्री लुईझ ब्रुक्स हिच्या कपाळावरची झुलपं आणि भुवयांची रेघ ज्यांना पाठ आहे त्यांना तो चेहरा लगेच परका वाटतो.

---

कापूसकाडी

कागदावर हाताने रंगवायचं असेल त्यांच्यासाठी: मूळ प्रिंटला हात लावायचा नाही, नवी प्रत काढायची. फायबर बेसचा मॅट कागद हवा. चकचकीत किंवा प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर रंग धरत नाही, घसरतो. प्रत नेहमीपेक्षा १० ते १५ टक्के फिकट काढा आणि जमलं तर सेपिया टोन करा. गडद काळ्यावर तेलरंग दिसत नाही, सेपियावर त्वचा आपोआप उबदार येते.

आधी टर्पेंटाइनमध्ये थोडं जवसाचं तेल मिसळून कापसाने सगळ्या प्रिंटवर अगदी पातळ हात फिरवा आणि कोरडं पुसून घ्या. हे केलं नाही तर रंग जिथे टेकेल तिथेच डाग धरतो. मग फोटो ऑइल किंवा पारदर्शक तेलरंग. अलिझरिन क्रिमसन चालतो. कॅडमियमचे रंग अपारदर्शक, ते फोटो झाकून टाकतात. मोठे भाग आधी: पार्श्वभूमी, मग त्वचा, मग केस. कापसाच्या बोळ्याने गोल फिरवत पसरवा आणि दुसऱ्या कोरड्या बोळ्याने जवळजवळ सगळा पुसून टाका. उरतो तेवढाच रंग हवा असतो. ओठांना टूथपिकच्या टोकाला कापसाचे चार तंतू गुंडाळून, वरचा ओठ खालच्यापेक्षा थोडा गडद. कडेबाहेर गेलेला रंग टर्पेंटाइन लावलेल्या काडीने लगेच निघतो, वाळल्यावर निघत नाही. पातळ थरालाही सुकायला दोन-चार दिवस लागतात, जाड थराला त्याहून बरेच जास्त.

खिडकी उघडी ठेवा. जवसाचं तेल लागलेले बोळे आणि चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकण लावा.

---

रुपेरीवेडा

१६ बिटचा नवा स्कॅन केला, लाल चॅनेल घेतला, पायऱ्या गेल्या. ऑर्थो तपासणीत ओठ आणि केस जुळले, पण गळ्यातला स्कार्फ मूळपेक्षा उजळ निघतोय. मी तो फिकट हिरवा केला होता. आणि उचललेल्या ओठांवर फिल्मचे कण बाकी चेहऱ्यापेक्षा ठळक दिसतात, त्याचं काय करू?

---

ऑर्थोपंत

स्कार्फ गडद हिरवा, विटकरी किंवा तपकिरी करून पुन्हा तपासा. जे रंग जुळतील त्यातला कुठलाही घ्या, फक्त फोटोखाली लिहा की स्कार्फचा रंग अंदाजाने दिलाय. न रंगवलेला स्कॅनही सोबत ठेवा.

कणांसाठी: ओठांच्या प्रतीवर कर्व्ह लावण्याआधी १ ते १.५ पिक्सेलचा ब्लर द्या. सगळे रंग झाले की सर्वांत वर ५० टक्के करड्याचा एक लेयर घ्या, मोड 'सॉफ्ट लाइट'. त्यात एकरंगी नॉइज (कृत्रिम कण) घालून ०.६ पिक्सेलचा ब्लर द्या आणि काळा मास्क लावून तो फक्त ओठांवर उघडा. १०० टक्के झूमवर, गाल आणि ओठ एकाच वेळी दिसतील असं ठेवून अपारदर्शकता जुळवा. ती १२ ते १८ च्या मध्ये कुठेतरी स्थिरावेल.