नेझबीचे लाल कोट एकाच छटेत रंगवावेत का?

धागाकर्ता: इंग्लंडच्या यादवी युद्धात १४ जून १६४५ रोजी नेझबी येथे लढलेल्या न्यू मॉडेल आर्मीच्या, म्हणजे संसदेच्या फौजेच्या, पायदळाच्या २८ मिमी प्रतिकृती रंगवताना सर्व कोटांना एकच लाल छटा द्यावी, असे माझे मत आहे. सारे सैनिक लाल कोटात असून रेजिमेंटी केवळ अस्तराच्या रंगावरून वेगळ्या ओळखू येतात, असे त्याच वसंतात लंडनच्या एका वृत्तपत्राने छापले होते. अर्थात हा नियम पायदळापुरताच आहे, कारण घोडदळ पिवळसर चामडी कोटात असे.

प्रतिसाद १: त्याच बातमीत तोफखान्याच्या रक्षणासाठी नेमलेल्या गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका बाळगणाऱ्या सैनिकांपैकी काहींचे कोट तपकिरी होते, असेही म्हटले आहे, ते आपण वगळलेत. शिवाय त्या काळी कापड मॅडरच्या, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीच्या, मुळांनी रंगवले जाई आणि पुरवठादार अनेक असल्यामुळे रंगकामाच्या प्रत्येक खेपेची छटा वेगळी उतरणे अटळ होते. पावसात भिजलेला आणि उन्हात तापलेला लोकरी कोट विटकरी होतो. विजारी तर करारानुसारच करड्या किंवा अन्य चांगल्या रंगाच्या चालत होत्या. त्यामुळे एकाच रेजिमेंटमध्ये लालच्या तीन-चार छटा मिसळणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

धागाकर्ता: विजारींबाबत वाद नाही. मात्र ही फौज १६४५ च्या वसंतातच उभी राहिली, म्हणजे नेझबीला बरेचसे कोट नवे होते; विटलेला रंग १६४६ च्या ऑक्सफर्डच्या वेढ्यासाठी राखून ठेवावा.

प्रतिसाद २: छटांवर इतका खल होतो आणि निशाणे मात्र डोळे मिटून चिकटवली जातात! प्रत्येक कंपनीला स्वतःचे निशाण असे. प्रचलित पद्धतीनुसार कर्नलचे निशाण साधे एकरंगी, लेफ्टनंट-कर्नलच्या निशाणाच्या कोपऱ्यात केवळ सेंट जॉर्जचा क्रूस, मेजरच्या निशाणावर क्रूसापासून निघालेली ज्वाला आणि कॅप्टनांच्या निशाणांवर ज्येष्ठतेनुसार वाढत जाणारी चिन्हे असत. एकाच रेजिमेंटमध्ये दोन कर्नलची निशाणे उभी करणे ही छटेपेक्षा मोठी चूक आहे. लंडनच्या ट्रेन्ड बँड्सबाबतही, म्हणजे शहराच्या नागरी सेनेबाबतही, हेच घडते: त्यांच्या रेजिमेंटींची रंगांवरून पडलेली नावे निशाणांची आहेत, तरी ‘हिरव्या’ रेजिमेंटला हिरवे कोट चढवणारे अनेक जण भेटतात.

प्रतिसाद १: निशाणांचे मान्य. छटांबाबत मी ठाम आहे. नवा कोटसुद्धा रंगकामाच्या कोणत्या खेपेतून निघाला, यावरच त्याचा रंग ठरतो.