खूप पळालेली, अगदी स्वस्त जुनी गाडी: घेतलीत की सोडलीत? अनुभव लिहा

ओंजळ

काल रात्री भाच्याने एक फोटो पाठवला. गाडीच्या मीटरचा. २,३८,००० किलोमीटर. खाली एकच ओळ, "मावशी, घेऊ का? फारच स्वस्तात मिळतेय."

फोटोत मीटरच्या काचेला कोपऱ्यात बारीक तडा होता. तो बघितला आणि झोपच उडाली. अण्णांच्या गाडीच्या मीटरलाही असाच तडा होता. मी पुढच्या सीटवर बसले की बोटाने तो गिरवत बसायचे.

अण्णांनी ती घेतली तेव्हा १,६०,००० पळालेली होती. घरात सगळ्यांचा विरोध. काका म्हणाले, दुसऱ्याचं दुखणं विकत कशाला घेतोस? अण्णा काही बोलले नाहीत. विकणाऱ्या गृहस्थांनी गाडीबरोबर एक वही दाखवली होती. ऑइल कधी बदललं, ब्रेक लायनर कधी, क्लच प्लेट कितव्या किलोमीटरला, सगळं निळ्या शाईत. अण्णा दोन संध्याकाळी ती वही वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी पैसे देऊन आले. गाडी आमच्याकडे ११ वर्षं होती. वहीची पुढची पानं अण्णांच्या अक्षरात आहेत.

भाच्याची पहिली नोकरी आहे, कर्ज काढायचं नाही म्हणतो. त्याला काय सांगू ते कळत नाहीये. अण्णा असते तर त्यांनाच विचारलं असतं. तुम्ही अशी गाडी घेतली असेल किंवा बघून सोडून दिली असेल तर लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

पायवाट

२,१०,००० ला घेतली, ३,४०,००० ला विकली. मधल्या काळात क्लच एकदा, पुढचे शॉकअब एकदा, अल्टरनेटर एकदा, रेडिएटर एकदा. रस्त्यात कायमची बसली असं कधी झालं नाही. बाकी संध्याकाळी लिहितो.

कोरा कागद

माझा अनुभव वाईट आहे, पण भाच्याला नक्की सांगा.

विकणारा म्हणाला टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बदललाय. बिल मागितलं तर "शोधून देतो". मी गाडी घेऊन आलो. तीन आठवड्यांनी चढावर इंजिन एकदम बंद. धक्का नाही, आवाज नाही, नुसतं बंद. बेल्ट तुटला होता. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. माझे सगळे व्हॉल्व्ह वाकले. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावा लागला आणि दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या वर गेला. दुरुस्त केलीच नाही, भंगारात दिली.

बायको आणि लहान मुलगी बरोबर होती. मागे ट्रक होता. आजही चढ आला की हात घट्ट होतात.

शेवंती

@कोरा कागद, बाप रे. तिघेही सुखरूप आहात हेच मोठं.

नेमकं काय

बेल्ट किती किमीला बदलायचा असतो? माझ्या गाडीत कधी बदललाय तेच माहीत नाही, आता भीती वाटायला लागली.

गॅरेजमधला

@नेमकं काय, गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. साधारण ६०,००० ते १,००,००० किमीच्या मध्ये, काही गाड्यांत त्याहून जास्त. आणि वर्षांचीही मर्यादा असते, कारण रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. काही इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते, ती सहसा जास्त टिकते, पण ऑइल वेळेवर बदललेलं असेल तरच. जुनी गाडी घेतली आणि बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं आणि पहिल्याच आठवड्यात टाकून घ्यायचा. बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि जमत असेल तर वॉटर पंपही, नाहीतर त्यांच्यासाठी तेवढंच सगळं परत उघडावं लागतं.

शेवंती

आमच्या जुन्या गाडीत मला आणि भावाला हमखास उलटी व्हायची. डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन आणि बाबा काच खाली करू द्यायचे नाहीत, धूळ येते म्हणून. तरी आता तो वास कुठे आला की डोळ्यात पाणी येतं. विषयाला सोडून लिहितेय, पण ओंजळची वही वाचून राहवलं नाही.

ओंजळ

शेवंती, अगदी अगदी. रेक्झिनचा तो वास!

गॅरेजमधला

आता मूळ प्रश्नावर लिहितो. बाबांचं गॅरेज होतं, शाळा सुटली की मी तिथेच. त्यामुळे जरा लांबेल.

गाडी बघायला जाण्याआधी फोनवर सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. इंजिनाचं दुखणं थंड असतानाच दिसतं. एका झटक्यात चालू होते का, पहिल्या काही सेकंदांत वरच्या बाजूने खडखड येते का, सायलेन्सरमधून काय निघतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत जातंय, हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या सीलवर, संशय घ्या. थंड हवेत सुरुवातीला वाफ दिसते ती वेगळी, ती थोड्या वेळात जाते. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही.

ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय का ते तपासायला हवं. कूलंटचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. गरम असताना उघडून भाजलेला माणूस मी लहानपणी बघितलाय.

मग निदान अर्धा तास चालवा. एसी लावून, गर्दीत. तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा, वर चढत राहिला तर गाडी कितीही चमकत असो, परत द्या. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, पुढून कट कट कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गेलाय. वरच्या गियरमध्ये जोरात पिकअप घ्या. इंजिनचा आवाज वाढतोय आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

स्वस्तातला एक स्कॅनर मिळतो, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा. इंजिनचा दिवा बंद आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले की दिवा जातो, पण गाडीच्या अंतर्गत तपासण्याही 'अपूर्ण' दाखवतात, त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. असं का झालं ते विचारायचं.

आणि बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचे, मला वाटतं तोच भाच्याला विचारावा. "घेतल्यावर हातात किती उरतील?" सगळी शिल्लक गाडीतच गेली तर ती गाडी त्या माणसाची नाही, असं ते सरळ सांगायचे. बेल्ट, टायर, ब्रेक, बॅटरी, ऑइल एवढं पहिल्याच महिन्यात निघतं असं धरूनच किंमत ठरवायची. यापायी बाबांची गिऱ्हाइकं तुटली, पण त्यांनी विचारणं सोडलं नाही.

पायवाट

वा! प्रिंट काढून गाडीत ठेवण्यासारखं लिहिलंय.

माझं राहिलेलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं, दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या सालचे असतील तर मालक लागेल तेवढंच करत होता, हे मला त्यावरून कळतं.

चाफ्याचं झाड

मी ऑफिसमधून लिहितेय, पटकन. आम्ही एक गाडी सोडली. आतून इतकी स्वच्छ, सुगंधी फवारा मारलेला. नवऱ्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या भागावर मातीची सरळ रेघ! डिकीत स्टेपनीखालच्या खळग्यात बारीक गाळ. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी. विकणाऱ्याने शब्दाने सांगितलं नव्हतं. त्या गाडीची वायरिंग पुढे काय करेल कुणाला माहीत.

नेमकं काय

किलोमीटर जास्त म्हणजे गाडी वाईट असंच असतं का पण? एक ओळखीचे म्हणतात हायवेचे किमी मोजायचेच नाहीत.

गॅरेजमधला

मोजायचे, पण वेगळे. लांब पल्ल्यावर इंजिन एका तापमानावर, एका गतीत चालतं. गियर, क्लच, ब्रेक कमी वापरले जातात. शहरात दोन-दोन किमीच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये ओलावा आणि इंधन साचत जातं. ८०,००० शहरी किमीची दुर्लक्षित गाडी आणि २,००,००० ची सांभाळलेली यांत मी दुसरी बघायला जाईन.

आणि मीटर मागे फिरवतात हे विसरू नका. पेडलचं रबर, स्टेअरिंगची कातडी, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. ६०,००० दाखवणाऱ्या गाडीचं क्लच पेडल गुळगुळीत झालेलं असेल तर त्या आकड्यावर संशय घ्या.

लांबचा प्रवासी

किमीचं निघालंच आहे म्हणून. अमेरिकेतले अर्व्ह गॉर्डन, शाळेत शिक्षक होते. १९६६ साली नवी व्होल्वो पी१८०० घेतली आणि २०१३ मध्ये तीच गाडी ३० लाख मैलांच्या पुढे नेली. गिनेसमध्ये नोंद आहे. आणि ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीज २४० डी, ४६ लाख किमी झाल्यावर २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्याने ती घेतली तेव्हाही जुनीच होती. इंजिनं मात्र आलटून पालटून बदलत राहिला. सांभाळणारा हात असेल तर गाडी कुठवर जाते हे बघून मला फार आनंद होतो.

सांजवात

वाचत होते नुसती. लिहावं की नाही कळत नव्हतं.

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं होतं. दर वेळी भाड्याची गाडी परवडेना. एक जुनी घेतली, १,९०,००० पळालेली, सगळ्यात स्वस्त तीच होती. सकाळी सहाला निघायचं, आणि मला आदल्या रात्री झोप लागायची नाही, चालू होईल ना म्हणून. दोनदा झाली नाही. एकदा शेजाऱ्यांनी सोडलं. दुसऱ्यांदा रिक्षा मिळेपर्यंत आई जिन्यावर बसून राहिली, मला म्हणत होती, तू घाबरू नकोस. नंतर कळलं नुसती बॅटरीची पट्टी सैल होती. कुणी मला ती दाखवली असती तर.

म्हणून एवढंच, वेळेला पोचलंच पाहिजे अशी गरज असेल तर आधी बॅटरी, स्टार्टर, वायरी कुणा जाणत्याकडून बघून घ्या. आई आता नाही. गाडी अजून आहे.

शेवंती

सांजवात, तुझा हात हातात घेते.

कोरा कागद

🙏

ओंजळ

सांजवात, तुझी पोस्ट भाच्याला वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलला नाही.

भिंगरी

मी ५२व्या वर्षी गाडी शिकले, तीही दिराच्या जुन्या गाडीवर. आधीच चार ठिकाणी पोचे होते म्हणून पाचव्याची भीती नव्हती. नव्या गाडीवर मी शिकलेच नसते. हाही फायदा धरा.

चाफ्याचं झाड

भिंगरी, मी ४७. सांगाल का कशी सुरुवात केलीत? मला उलट्या बाजूने रिव्हर्स घेताना काही सुचत नाही.

भिंगरी

रविवारी पहाटे रिकामं मैदान, दोन डबे उभे करायचे आणि मधून मागे घ्यायची. आरशात बघा, मान पण वळवा. महिन्यात जमेल. निरोप पाठवा, सविस्तर लिहिते.

ओंजळ

आज सकाळी आम्ही जाऊन आलो.

बोनेट थंड होतं. एका झटक्यात चालू झाली, धूर नाही. भाच्याने सीटबेल्ट ओढून बघितले, स्टेपनी उचलली, टायरचे आकडे टिपून घेतले. दोन टायर जुने. अर्धा तास गर्दीत फिरवली, काटा हलला नाही. पूर्ण वळवल्यावर डावीकडून कट कट आवाज मात्र येतो. बेल्टचं विचारलं तर मालक, वयस्कर आहेत, आत गेले आणि बिलांची पिशवी घेऊन आले. बेल्ट १,४१,००० ला बदललाय. म्हणजे आता जवळपास १ लाख होत आले.

भाच्याने तिथेच फोनवर बेरीज केली. बेल्ट, पंप, दोन टायर, जॉइंट. मग म्हणाला, काका, एवढा खर्च लगेच आहे, किंमत तेवढी कमी होत असेल तर मी घेतो, नाहीतर मला झेपणार नाही. ते म्हणाले मुलाशी बोलून उद्या कळवतो.

निघताना त्यांनी पिशवी परत आत नेली नाही. "वाचून बघ तोवर," म्हणाले. आत्ता भाचा माझ्या घरी जमिनीवर बिलं पसरून तारखा लावत बसलाय. अण्णांच्या वहीत कोरी पानं आहेत का बघते.

गॅरेजमधला

जॉइंटच्या रबरी बुटाला (आवरणाला) भेग आहे का ते बघायला सांगा, ग्रीस बाहेर उडालेलं दिसेल. किंमत ठरवताना कामाला येईल.