प्र. सात महिन्यांच्या बाळासाठी कोणती खेळणी घ्यावीत?

बुद्धी वाढवणारा महागडा संच घ्यावा का, असं विचारलंय. माझं मत : पैसे वाचवा, एक पंचा काढा.

आमची भाची आठ महिन्यांची. ठाण्यात, घोडबंदर रोडला राहते. तिच्यासमोर वाटी पंच्याखाली लपवली की महिन्यापूर्वीपर्यंत ती सरळ दुसरीकडे बघायची. वाटी दिसत नाही म्हणजे संपलीच! आता पंचा खेचते, वाटी सापडली की खिदळते आणि लगेच तोंडात घालते. नजरेआड झालेली वस्तूही असतेच, हे बाळाला साधारण या वयात उमगू लागतं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हेच नोंदवलं होतं. ‘बुवा कुक’मध्येही तेच. फक्त चेहरा झाकल्यावर क्षणभर थांबा. ती वाट बघण्यातच खरी गंमत आहे.

तळहातावर बोट टेकवत मोराला चारा घालायचा आपला जुना खेळही घ्या. स्पर्श, लय आणि शेवटी ‘भुर्र’. चार दिवसांत बाळ ‘भुर्र’च्या आधीच अंग आक्रसून हसायला लागतं, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला कळलेलं असतं. बाळाने ‘आ’ केलं की आपणही ‘आ’ करायचं, मग गप्प बसून त्याची पाळी येऊ द्यायची. संभाषण असंच सुरू होतं.

मोबाईलवरची बडबडगीतं मात्र नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. (आजोबांना हे पटवणं वेगळं प्रकरण!) आणि बाळाने मान फिरवली, जांभई दिली की खेळ बंद.