भावाला सरळ विचारू का, की विषयच काढू नको?

कल्याणची ताई
धाकटा भाऊ, वय 27, चार वर्षं गर्द (ब्राउन शुगर). दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. केस कापून आला, आईच्या हातचं पिठलं मागून खाल्लं, आम्हाला वाटलं सुटलो. अकराव्या रात्री बाथरूममधून आवाजच येईना. बाबांनी कडी तोडली. ओठ जांभळे, घोरल्यासारखा श्वास, तोही मध्येच थांबायचा. 108 ला फोन केला. इंजेक्शन दिल्यावर डोळे उघडले.

डॉक्टरांनी विचारलं, मुद्दाम घेतलंस का? म्हणाला, "तसं नव्हतं. पण नसतो उठलो तरी चाललं असतं." तेव्हापासून मला झोप नाही. आई म्हणते, मरणाचा विषय काढू नकोस, नसलेलं डोक्यात भरशील.

नऊ वर्षं क्लीन
ताई, विचारा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. मला मावशीनं विचारलं तेव्हा मी तासभर रडलो, आणि त्या रात्री माल आणायला गेलो नाही.

चूक की मुद्दाम, हे त्या वेळी आमचं आम्हालाही कळत नसतं. मरायचं नसतं, पण जगण्याचीही ओढ उरलेली नसते. त्यात केंद्रातून आल्यावरचे पहिले आठवडे फार वाईट. शरीराची सवय मोडलेली असते, हात मात्र जुन्याच मापाने घेतो. तुरुंगातून सुटलेल्यांचंही हेच होतं. वर पुन्हा घसरल्याची लाज. माझा मित्र असाच गेला. घरच्यांनी हार्ट अटॅक म्हणून सांगितलं.

सरकारी दवाखान्यातली सिस्टर
ते इंजेक्शन बहुतेक नॅलोक्सोन, गर्दचा असर उतरवणारं. त्याचा असर तास-दीड तासात उतरू शकतो आणि श्वास परत मंदावतो, म्हणून शुद्ध आली तरी लगेच घरी आणायचं नसतं. आता ओएसटी केंद्रात न्या, म्हणजे गर्दऐवजी डॉक्टरी औषध देऊन उपचार करतात तिथे. तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समोर बसवून जिभेखाली देतात. टर्की, म्हणजे गर्द बंद झाल्यावरचा त्रास, आटोक्यात राहते, जिवाचा धोकाही कमी होतो. "हे नवं व्यसन" म्हणून कुणाचं ऐकून बंद करू नका. दारू, झोपेच्या गोळ्या घरात ठेवू नका, गर्दवर त्या घेतल्या तर श्वास आणखी दबतो.

तो "हो" म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात. रात्री-अपरात्री टेली-मानस हेल्पलाइन, 14416. मराठीत बोलतात.

कल्याणची ताई
विचारलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना, तो चिमटे देत होता. "हो, कधी कधी," म्हणाला, आणि पुढचा चिमटा दिला. मग बराच वेळ बोलला. बादली रिकामी झाली तरी आम्ही तिथेच बसलो होतो.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. सोमवारी ओएसटी, आईसुद्धा येणार आहे. बाथरूमची कडी अजून बसवलेली नाही.